जोडी एसयू की वेबर? १२७५ च्या रेस मिजेटसाठी माझा कौल

एमजी मिजेट किंवा ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी हौशी रेसिंगसाठी बांधायला घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: मूळचे एसयू कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे भाग) काढा आणि वेबर कंपनीचा दोन गळ्यांचा ४५ डीसीओई बसवा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. वेबर देखणा आहे, त्याचा आवाज अंगावर काटा आणतो आणि रेसच्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर तो दिसलाच पाहिजे असं अनेकांना मनापासून वाटतं. मी माझ्या गाडीवर दोन्ही चालवले आहेत, इंजिन तेच ठेवून. माझा कौल एसयूला आहे. मूळचं पाच पोर्टचं (हवा आत आणि धूर बाहेर जायच्या पाच वाटांचं) बिडाचं हेड असेल, सर्किट आखूड आणि वळणावळणाचं असेल आणि ट्यूनिंग स्वतःच्या हाताने करायचं असेल, तर एसयूच्या एचएस४ मॉडेलची जोडी जास्त चांगली. हा रिव्ह्यू त्या जोडीचा आहे, पण वेबरला बाजूला ठेवून तो लिहिता येणार नाही.

आधी गाडीविषयी थोडक्यात, म्हणजे तुलना कशावर झाली ते कळेल. इंजिन १२७५ सीसीचं ए-सिरीज, सिलिंडर ०.०४० इंचाने मोठे केलेले, म्हणजे आता १३१० सीसी. मधल्या मेन बेअरिंगच्या कॅपवर स्टीलची पट्टी आहे, कारण या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच आणि ७,००० आरपीएमला मधल्या कॅपचे हाल होतात. कॉम्प्रेशन ११ च्या आसपास, कॅम ३०० अंशांचा (म्हणजे क्रँक तेवढा फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा), एक्झॉस्टला लाँग सेंटर ब्रँच मॅनिफोल्ड, वरच्या आरपीएमला टायमिंग एकूण ३० अंश. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम नाही. कारखान्यातून निघताना हे इंजिन ६,००० आरपीएमला ६५ बीएचपी द्यायचं आणि त्यावर एचएस२, म्हणजे सव्वा इंची (३१.७५ मिमी) कार्ब्युरेटरांची जोडी असायची. एचएस४ दीड इंची (३८.१ मिमी) असतो. पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण गळ्याचं क्षेत्रफळ तब्बल ४४ टक्क्यांनी वाढतं. रस्त्यावरच्या कॅमला एचएस२ पुरून उरतात. ३०० अंशांच्या कॅमवर मात्र वरच्या टोकाला इंजिन गुदमरतंय हे सीटवर बसून कळतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे हेडचं. वेबरची खरी करामत कुठे दिसते? ज्या चार सिलिंडरच्या इंजिनाला चार वेगळे इनलेट पोर्ट आहेत, तिथे. दोन डीसीओई लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा गळा आणि स्वतःचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) मिळतात, एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. ए-सिरीजला ही चैन नाही. १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० या छोट्या घरगुती गाडीसाठी ८०३ सीसीचं हे इंजिन आलं, तेव्हा ते स्वस्त, आटोपशीर आणि कमी पेट्रोल पिणारं असावं एवढीच अपेक्षा होती. त्यामुळे इनलेट पोर्ट दोनच: १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला एक, ३ आणि ४ ला एक. एक्झॉस्टचे तीन, त्यातला मधला २ आणि ३ मध्ये सामाईक. अशा हेडवर डीसीओई एकच बसतो आणि त्याचा प्रत्येक गळा दोन सिलिंडरांना पाजतो. एसयूची जोडी हेच काम करते. म्हणजे वेबरचा सगळ्यात मोठा फायदा या हेडने आधीच काढून घेतलेला असतो.

त्यात फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कागदावर मांडून बघा: ३ पाठोपाठ ४ ओढतो, दोघे एकाच पोर्टचे. मग २ पाठोपाठ १, तेही एकाच पोर्टचे. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात मागचा कार्ब राबतो आणि पुढचा बसून असतो, पुढच्या फेऱ्यात उलट. सलग ओढणाऱ्या या दोन सिलिंडरांमध्ये १८० अंशांचं अंतर, आणि कॅम ३०० अंशांचा, म्हणजे १२० अंश दोघांचेही इनलेट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे. पहिल्याचा व्हॉल्व्ह मिटत असताना दुसरा त्याच्या तोंडचा घास ओढतो. कॅम जितका गरम, म्हणजे जितक्या जास्त अंशांचा, तितकी ही ओढाताण जास्त. म्हणूनच या इंजिनाचे चारही प्लग कधी एका रंगाचे येत नाहीत, आणि एकच प्लग बघून मिश्रण ठरवलं तर आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांपैकी एका जोडीवर अन्याय होतो. एसयूच्या मॅनिफोल्डमध्ये दोन पोर्टांना जोडणारी बॅलन्स पाइप असते, ती इथे उपयोगी पडते: बसून असलेल्या कार्बकडूनही थोडी हवा राबणाऱ्या बाजूला जाते. ही पाइप बंद करून टाकण्याची टूम मला कधी पटली नाही.

एसयूचं काम कसं चालतं हे ज्याला नीट समजलं, त्याला तो कार्ब्युरेटर आवडल्याशिवाय राहत नाही. वेबरचा गळा ठरलेल्या मापाचा. माझ्या वेबरमध्ये ३६ मिमीचा होता. १,५०० आरपीएम असो वा ७,०००, हवा त्याच छिद्रातून जाणार. एसयूमध्ये गळ्यावर एक पिस्टन उभा असतो आणि हवेच्या ओढीप्रमाणे तो वर-खाली होतो. ओढ वाढली की पिस्टन वर, गळा मोठा. ओढ कमी झाली की पिस्टन खाली, गळा लहान. त्यामुळे जेटवरची हवा नेहमी जवळजवळ एकाच वेगाने वाहते. पिस्टनच्या तळाला निमुळती नीडल असते, ती ०.०९० इंचाच्या जेटमध्ये बुडालेली. पिस्टन जितका वर, तितकी नीडलची बारीक बाजू जेटमध्ये आणि तितकं पेट्रोल जास्त. पिस्टनच्या नळीत तेल आणि डॅम्पर. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की डॅम्पर पिस्टनला क्षणभर अडवतो, जेटवरची ओढ वाढते आणि मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होतं. वेबरसारखा ॲक्सिलरेटर पंप नाही, प्रोग्रेशनची छिद्रं नाहीत, इमल्शन ट्यूब नाही. एसयू हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या स्किनर बंधूंची ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांच्या घरचा धंदा चपला-बुटांचा, आणि पहिल्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. ही गोष्ट मला फार आवडते.

या बांधणीचा रेसमध्ये उपयोग काय? हळू वळणातून बाहेर पडताना आरपीएम साडेतीन हजारांपर्यंत खाली आलेलं असतं. मोठ्या कॅमचं इंजिन तिथे आधीच नाराज असतं. वेबरवर माझी गाडी तिथे अर्धा क्षण ‘ब्वाँ’ करून अडकायची. जेट बदलून ते कमी झालं, गेलं नाही, कारण ३६ मिमीच्या गळ्यात एवढ्या कमी ओढीला हवेचा वेगच तुटपुंजा. एसयूवर ती तिथून ओढत निघते. झटका नाही, पण खंडही नाही. आणि मिजेटसारख्या जेमतेम सातशे किलोच्या, कमी ताकदीच्या गाडीत लॅप टाइम वळणाच्या बाहेर पडण्यावरच बनतो. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या तुम्हाला गाठणारच.

नीडल हा या कार्बचा आत्मा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. नीडलचं माप दर सुताला, म्हणजे दर अष्टमांश इंचाला दिलेलं असतं. वरची एक-दोन मापं आयडलिंगची, मधली रस्त्यावर चालवण्याची, खालची पूर्ण ताकदीची. नवशिक्यांची गडबड इथे होते: नीडल एक थाउ (०.००१ इंच) बारीक केली तर फरक किती पडेल? उत्तर जागेवर अवलंबून आहे. पेट्रोल जातं ते जेट आणि नीडल यांच्यामधल्या कड्यातून. वर, जिथे नीडल ०.०८५ इंच जाड आहे, तिथे ते कडं इतकं अरुंद असतं की एक थाउ घासल्यावर पेट्रोलची वाट १९ टक्क्यांनी वाढते. मध्यावर, ०.०७० च्या जागी, तोच एक थाउ ४ टक्क्यांच्या आसपास फरक करतो. आणि टोकाकडे ०.०५० ला जेमतेम २ टक्के. म्हणून खाली बिनधास्त घासा, वर मात्र श्वास रोखून. मी नीडल लेथच्या चकमध्ये हलकी धरते, बाराशे नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून दोन बोटांत पकडते आणि दर चार-पाच फेऱ्यांनंतर मायक्रोमीटर लावते. पितळ मऊ असतं, चटकन उतरतं. घासून नीडल फक्त रिचच होऊ शकते, म्हणून सुरुवात थोड्या लीन (कमी पेट्रोल देणाऱ्या) नीडलने करायची. वेबरमध्ये हेच साधायला मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, आयडल जेट आणि पंप जेट यांची भरलेली पेटी लागते, आणि एक बदललं की दुसऱ्याचं बिनसतं.

पण नीडलच्या आधी स्प्रिंग. हा क्रम मला रोलिंग रोडवाल्या (गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या) काकांनी शिकवला. एसयूवर त्यांचा हात बसलेला आहे आणि बोलणं कमी. मी नीडलांची डबी उघडून बसले होते, तर म्हणाले, “अगं, पिस्टन कुठवर चढतोय ते तरी बघ आधी. तो वर जातच नसेल तर खालची मापं घासून कोणाला दाखवणार?”

मी म्हटलं, “पण काका, चालू इंजिनात ते दिसणार कसं?”

त्यांनी डॅम्पर काढले, दोन्ही नळ्यांत हलक्या प्लास्टिकच्या काड्या सोडल्या. प्रत्येक काडीवर पेनाने सुता-सुताच्या खुणा. गाडी रोलिंग रोडवर चौथ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटल, आणि त्या काड्या आरपीएमबरोबर हळूहळू वर येताना दिसू लागल्या. चार हजारला इतकी खूण, पाच हजारला इतकी, साडेसहाला टोक. इंजिन त्या वेळी किती हवा पितंय, हे मोजमाप डोळ्यांसमोर उभं. माझ्या जोडीत आधी पिवळ्या रंगाच्या, ८ औंसांच्या स्प्रिंग होत्या आणि पिस्टन वरपर्यंत पोचतच नव्हते. लाल, साडेचार औंसांच्या घातल्यावर ते ताकदीच्या शिखराजवळ पूर्ण चढले. आता प्रत्येक आरपीएमला नीडलचं कोणतं सूत जेटमध्ये आहे ते माहीत. शेजारी वाइडबँड लॅम्डाचा, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या मीटरचा आकडा. पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ च्या दरम्यान हवं, पाच हजारला १३.८ दिसतंय, म्हणजे अमुक सुताला नीडल घासायची. सगळं कसं उघड. माझ्यासारख्या हौशी माणसाला इंजिनाशी इतका थेट संवाद दुसऱ्या कुठल्या कार्ब्युरेटरने करू दिला नसता.

या मोजमापातच एसयूची एक मर्यादाही कळते आणि ती सांगायला हवी. एसयूला फक्त हवेचं प्रमाण कळतं, इंजिनावरचा भार कळत नाही. अर्ध्या थ्रॉटलला वरचं आरपीएम आणि पूर्ण थ्रॉटलला खालचं आरपीएम, दोन्ही वेळी हवा सारखीच जात असेल तर पिस्टन त्याच उंचीवर, म्हणून मिश्रणही तेच. रस्त्यावरच्या गाडीला यात पेट्रोल वाया जातं. रेसमध्ये पाय एकतर पूर्ण खाली असतो नाहीतर ब्रेकवर, त्यामुळे मला याचा जाच झालेला नाही.

बसवताना एका गोष्टीकडे काटेकोर लक्ष द्या. कार्बच्या तोंडाच्या फ्लँजवर, बोल्टच्या भोकांशिवाय, लहान छिद्रं असतात. पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा पोचते ती तिथून. फिल्टरचं पॅकिंग उलटं बसलं तर ती झाकली जातात. मग पिस्टन नीट चढत नाही, गाडी चार हजारांपुढे दम टाकते, आणि माणसं टायमिंग, कॉइल, पंप सगळं शोधत बसतात. ट्रॅकवर नवी गाडी ‘वर ओढत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी फिल्टर काढून ती छिद्रं बघते. कार्बच्या तोंडावर रॅम पाइप (हवेची आखूड नळी) लावणाऱ्यांनीही हे तपासावं, सगळ्या रॅम पाइपच्या फ्लँजला त्यांच्यासाठी जागा कापलेली नसते. कार्बच्या तोंडाला गोलाई असलेली आखूड रिंग मात्र जरूर लावा. धारदार कडेवरून हवा तुटत आत जाते आणि हा उपाय अगदी थोडक्यात होतो.

बॅलन्सिंग जुन्याच पद्धतीने. लिंकेज सैल करायचं, दोन्ही जेट गळ्याच्या पुलाशी (तळाच्या उंचवट्याशी) सपाट करून नटाचे बारा फ्लॅट, म्हणजे दोन पूर्ण फेरे खाली आणायचे, इंजिन गरम करायचं, हवा मोजायचा मीटर आळीपाळीने दोन्ही तोंडांवर धरून आयडलिंगचे स्क्रू जुळवायचे. मग पिस्टन पिनने मिलिमीटरभरही नाही इतका उचलायचा. आरपीएम वाढून तसंच राहिलं तर रिच, पडलं तर लीन, किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. गरम कॅमवर आयडलिंग मुळातच खडबडीत असतं, म्हणून ही चाचणी बाराशे आरपीएमच्या वर करावी लागते आणि कान थोडा तयार असावा लागतो. शेवटी कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगून टॉर्चने दोन्ही गळ्यांत डोकवा. थ्रॉटलच्या चकत्या पूर्ण आडव्या होतायत ना? अनेक गाड्यांत त्या होतच नाहीत, आणि कॅमवर खर्च केलेली ताकद केबलच्या ढिलाईत राहते.

आता खोट. एसयूचा खरा शत्रू उष्णता. ए-सिरीजमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे दोन्ही कार्ब लालबुंद पाइपांच्या डोक्यावर बसतात. गाडी पळत असते तोवर हवा लागते. रेसआधी रांगेत उभं राहिलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि हिरवा दिवा लागल्यावर गाडी फटफटते. हीट शील्ड रुंद हवी, अगदी फ्लोट चेंबरच्या खालपर्यंत, आणि मॅनिफोल्ड व कार्ब यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड पॅकिंग हवं. बाजारात मिळणारी अरुंद शील्ड मला पुरली नाही, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करून घेतली. हाच त्रास वेबरलाही आहे, पण कमी.

दुसरी खोट फ्लोटची. फ्लोट चेंबर जेटच्या एका बाजूला असतो. जेटच्या पुढे असेल तर गाडी जोरात निघताना पेट्रोल जेटकडे सरकतं आणि मिश्रण थोडं रिच होतं, जेटच्या मागे असेल तर उलट. म्हणून जोडी जमवताना दोन्ही चेंबर एकाच दिशेला येतील अशी घ्या, नाहीतर वळणातून निघताना एक कार्ब रिच आणि दुसरा लीन. फ्लोटची पातळी झाकण उलटं धरून, फ्लोटखाली तीन ते पाच मिमीचा ड्रिल बिट सरकवून जुळवतात, आणि दोन्हीकडे बिट तोच वापरायचा. पंपाचा दाब ३ पीएसआयच्या आत ठेवा. त्याहून जास्त दाबाला सुईचा व्हॉल्व्ह तग धरत नाही आणि पेट्रोल ओघळायला लागतं. गरम एक्झॉस्टच्या वर ओघळणारं पेट्रोल म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायला नको.

डॅम्परचं तेल रेसच्या प्रत्येक दिवशी सकाळी बघा. साधारण २० ग्रेडचं इंजिन ऑइल मला मानवलं. पातळ तेलावर गाडी पेडल दाबताच लीन होऊन अडखळते, घट्ट तेलावर पिस्टन आळशी होतो आणि रिच होऊन जड वाटते. पेडलचं उत्तर हवं तसं जमवायला तेल बदलणं पुरतं, हे मला कायम नवल वाटत आलं आहे.

वेबरला त्याचं श्रेय द्यायला हवं. शेवटच्या हजार आरपीएममध्ये माझ्या इंजिनावर वेबर पुढे होता, रोलिंग रोडच्या आलेखात ते स्वच्छ दिसलं. लांब सरळ रस्ता असलेल्या सर्किटवर त्याचा फायदा मिळतो. वेगवान वळणात पाय थोडा उचलून पुन्हा दाबला की त्याचा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो आणि गाडी लगेच उसळते. एसयू तिथे पापणी लवेपर्यंतचा वेळ घेतो. एकदा नीट बसवला की वेबर वर्षानुवर्षं बिघडत नाही, त्याचे थ्रॉटलचे स्पिंडल (दांडे) बेअरिंगवर फिरतात. आठ पोर्टचं ॲल्युमिनियमचं हेड लावणार असाल तर हा रिव्ह्यू विसरा आणि दोन डीसीओई घ्या, तिथे एसयूचा पाड लागणार नाही. पण पाच पोर्टच्या हेडवर, वरच्या टोकाला मिळणाऱ्या त्या थोड्या घोड्यांसाठी मधल्या पट्ट्यातली ओढ गमावणं मला पटलं नाही, आणि माझे लॅप टाइमही एसयूवरच चांगले आले.

नियमांचाही विचार करा. ऐतिहासिक गाड्यांच्या रेसमध्ये एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं परिशिष्ट के लागू असेल तर गाडीच्या तांत्रिक पासपोर्टात आणि होमोलोगेशनच्या (मॉडेलच्या अधिकृत मंजुरीच्या) कागदात जे नोंदलेलं आहे तेच बसवता येतं. साध्या क्लब रेसमध्ये प्रत्येक वर्गाची स्वतःची यादी असते. काही वर्गांत कार्बचा प्रकार मूळचाच हवा, काहींत माप मोकळं सोडलेलं. मॅनिफोल्ड मागवण्याआधी ते पान वाचा.

सुटे भाग सहज मिळतात. एसयूचे नवे कार्ब आणि जेट, नीडल, स्प्रिंग, गॅस्केट बर्लेन कंपनी आजही बनवते. तरीही बहुतेक जण जुनी जोडीच घेतात, मीही तशीच घेतली, म्हणून घेताना काय बघायचं ते सांगते.

थ्रॉटल बंद ठेवून स्पिंडल दोन बोटांनी वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर तिथून हवा आत जाणार आणि आयडलिंग कधीच जुळणार नाही. नवे बुश बसवता येतात, पण दोन्ही बाजू एका रेषेत रीम करणारा माणूस हवा. थ्रॉटलच्या चकतीत लहान स्प्रिंगचा व्हॉल्व्ह दिसला तर ती चकती बदलून साधी घाला. तो प्रदूषणाच्या नियमांसाठी आला होता, रेसमध्ये हवेच्या वाटेत अडथळा आहे आणि अडकला तर आयडलिंग आकाशात. चकतीचे दोन स्क्रू बसवल्यावर त्यांची चिरलेली टोकं फाकवायला विसरू नका. सुटला तर तो इंजिनातच जाणार.

१९७० च्या दशकातल्या काही एचएस४ ना वॅक्सस्टॅट जेट असतात, मेणाच्या कॅप्सूलने तापमानाप्रमाणे वर-खाली होणारे. ते काढून साधे जेट घाला, नाहीतर गरम बॉनेटखाली तुमची सगळी मापं सरकत राहतील. नीडल फिक्स्ड प्रकारची घ्या. स्प्रिंगवाली नीडल जेटला सतत एका बाजूने टेकून घासते. फिक्स्ड नीडलला जेट मध्यावर आणण्याचं किचकट काम करावं लागतं, पण ते एकदाच. जमलं की पिस्टन सोडल्यावर पुलावर स्वच्छ ‘टक’ असा आवाज येतो. ‘थप’ आला तर पुन्हा सैल करून पहिल्यापासून.

आणि पिस्टन व त्याचा चेंबर एकमेकांसाठीच घासून जुळवलेले असतात, त्यांची अदलाबदल झालेली जोडी घेऊ नका. तपासायची पद्धत सोपी: स्प्रिंग काढायची, पिस्टनची दोन छिद्रं रबराने बुजवायची, डॅम्पर लावायचा, मग सगळं उलटं करून पिस्टन हातात धरायचा आणि चेंबर आपल्या वजनाने खाली सरकू द्यायचा. एचएस२ ला तीन ते पाच सेकंद, एचएस४ ला पाच ते सात. झटकन पडला तर फट जास्त झाली आहे, अडकत आला तर चेंबर चेपलाय किंवा कोणीतरी आतून पॉलिश पेपर मारलाय. दोन्ही कार्बचा वेळ सारखा आला तर जोडी घ्या.